डिपेंडन्सी रिपोर्टमध्ये चुकीची व्हर्जन: कॉन्फिग फाइल वाचणारी स्क्रिप्ट दर रिलीजला तिथेच का अडकते

तक्रारीची चाल ठरलेली असते. रिलीजच्या आदल्या संध्याकाळी क्लायंटकडून किंवा सिक्युरिटीवाल्यांकडून विचारणा येते: प्रोजेक्टमध्ये कोणती पॅकेजेस (दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड, म्हणजेच डिपेंडन्सी) आहेत, कोणत्या व्हर्जनची? स्क्रिप्ट चालवली जाते, एक्सेल निघतं आणि त्यात काहीतरी खटकतं. एखादं पॅकेज गायब, एखाद्याच्या व्हर्जनच्या रकान्यात गिटचा पत्ता, एखाद्यापुढे नुसतंच ३.१, जे प्रोजेक्टमध्ये कधी नव्हतंच. मग कोणीतरी रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये (मजकुरातला नमुना शोधणाऱ्या सूत्रात) आणखी एक कंस घुसवतं, रिपोर्ट जातो, आणि पुढच्या रिलीजला ग्रुपवर परत तेच: "दादा, रिपोर्ट पुन्हा गंडला."

नागपुरात परसोडीच्या आयटी पार्कात काय किंवा मिहानमध्ये काय, छोट्या टीमकडचा प्रोजेक्ट क्वचितच एका भाषेतला असतो. खालच्या उदाहरणांसाठी एक सेवा धरू: कळमना बाजारातले संत्र्याचे रोजचे दर मोबाइलवर दाखवणारी. पुढची बाजू नोडवर, मागची पायथनवर, आणि बिलिंगचा एक जुना जावाचा तुकडा, ज्याला हात लावायला कोणी धजत नाही. म्हणजे किमान तीन प्रकारच्या कॉन्फिग फाइली आणि व्हर्जन लिहिण्याचे तीन वेगळे कायदे.

आज्ञा, फाइलींची नावं आणि आकडे इथे देवनागरीत आहेत. टर्मिनलवर ते रोमन अक्षरांत आणि इंग्रजी अंकांतच टाकायचे. अंकांची गोष्ट वाटते तितकी किरकोळ नाही, ती पुढे येईलच.

आधी बघा, विचारलंय काय

निम्मे घोळ पार्सिंगचे, म्हणजे फाइलचा मजकूर तोडून अर्थ लावण्याचे, नसतातच. स्क्रिप्ट एका प्रश्नाचं उत्तर देते आणि विचारलेला प्रश्न दुसराच असतो.

पॅकेज.जेसन किंवा रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी या फाइलींमध्ये बहुतेक वेळा व्हर्जन नसतं, रेंज असते. "^४.१७.०" याचा अर्थ ४.१७.० पासून ५.०.० च्या अलीकडचं काहीही चालेल. प्रत्यक्षात काय आलं ते लॉक फाइलमध्ये असतं. बाजारात जाताना हातात दिलेली यादी आणि येताना आणलेली पावती, यांत जो फरक तोच. सिक्युरिटीवाल्यांना पावती हवी असते आणि स्क्रिप्ट यादी वाचून वर त्यातला "^" काढून टाकते. रिपोर्टमध्ये ४.१७.० दिसतं, सर्व्हरवर ४.१७.२१ असतं. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर, रिपोर्ट मात्र चुकीचा.

तेव्हा कोडला हात लावण्याआधी तीनपैकी काय हवंय ते लिहून घ्या: जाहीर केलेली रेंज, लॉकमध्ये ठरलेलं व्हर्जन, की या मशीनवर खरोखर बसलेलं व्हर्जन. ठरलेलं किंवा बसलेलं हवं असेल तर कॉन्फिग फाइल पार्स करण्याच्या फंदात पडूच नका. ते काम पॅकेजेस बसवणाऱ्या त्या त्या हत्याराकडूनच (नोडचं एनपीएम, पायथनचं पिप) करून घ्या. नोडसाठी "एनपीएम एलएस --ऑल --जेसन", आणि नोड मॉड्यूल्स फोल्डर तयार नसेल तर त्याला "--पॅकेज-लॉक-ओन्ली" जोडा. पायथनमध्ये बसलेल्यांसाठी "पिप इन्स्पेक्ट". काही न बसवता काय ठरेल ते पाहायचं तर "पिप इन्स्टॉल --ड्राय-रन --इग्नोर-इन्स्टॉल्ड --रिपोर्ट", पुढे रिपोर्ट फाइलचं नाव आणि "-आर रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी". या दोन्ही सोयी पिप २२.२ पासून आहेत. मात्र ड्राय-रन म्हणजे पूर्ण निर्धोक असं समजू नका. तयार व्हील (आधीच बांधून ठेवलेली फाइल) नसलेल्या पॅकेजची माहिती काढताना त्याचं बिल्ड कोड चालू शकतं.

एनपीएम एलएसबाबत एक खोच आहे. काही पॅकेज गहाळ असलं किंवा रेंजबाहेरचं असलं की ही आज्ञा जेसन व्यवस्थित छापते, पण एक्झिट कोड शून्य (म्हणजे "सगळं ठीक") देत नाही. सबप्रोसेसमध्ये "चेक=ट्रू" लावलेलं असेल तर तुमची स्क्रिप्ट एक्सेप्शन टाकून चांगलं आउटपुट फेकून देते. आउटपुट आधी वाचा, कोड नंतर तपासा.

लॉक फाइल स्वतः वाचायचीच असेल तर आधी "लॉकफाइलव्हर्जन" पाहा. १ असेल तर माहिती "डिपेंडन्सीज" खाली एकात एक घुसवलेली असते. २ मध्ये "डिपेंडन्सीज" आणि "पॅकेजेस" दोन्ही असतात. ३ मध्ये फक्त "पॅकेजेस". एनपीएम ७ आणि ८ हे २ लिहितात, ९ पासून ३. "एनपीएम अपग्रेड केलं आणि रिपोर्ट रिकामा यायला लागला" या तक्रारीचं कारण जवळजवळ नेहमी हेच. "पॅकेजेस"मध्ये रिकाम्या नावाची नोंद म्हणजे तुमचा स्वतःचा प्रोजेक्ट, ती वगळा. एकाच पॅकेजची दोन-तीन व्हर्जन वेगवेगळ्या खोलीवर बसलेली असू शकतात. पॅकेजच्या नावाला किल्ली करून डिक्शनरीत भरलं तर शेवटचं तेवढं उरतं, आणि नेमकं जुनं, सुरक्षेचं भोक असलेलं व्हर्जन रिपोर्टमधून निसटतं. किल्ली पूर्ण पाथची ठेवा.

आता समजा खरंच जाहीर केलेली रेंजच हवी आहे. मग पार्सिंग आलं.

एक ओळ, जवळून

संत्र्याच्या दराच्या सेवेतली ही ओळ घ्या:

रिक्वेस्ट्स[सॉक्स]>=२.३१,<३ ; पायथन_व्हर्जन == "३.११"  # बाजार समितीच्या प्रॉक्सीसाठी

बहुतेक घरगुती स्क्रिप्टा ओळ "==" वर तोडतात. डावीकडचं नाव, उजवीकडचं व्हर्जन. या ओळीवर तो प्रयोग केला तर नावाच्या रकान्यात "रिक्वेस्ट्स[सॉक्स]>=२.३१,<३ ; पायथन_व्हर्जन" येतं आणि व्हर्जनच्या रकान्यात ३.११, पुढे कॉमेंटही लटकलेली. कुठलाच एरर नाही. ३.११ हे पायथनचं व्हर्जन, आणि ते रिक्वेस्ट्सच्या नावावर चढलं.

या ओळीत पाच वेगळ्या गोष्टी आहेत: नाव, चौकोनी कंसातलं एक्स्ट्रा (ऐच्छिक जोड), स्वल्पविरामाने जोडलेल्या दोन अटी, अर्धविरामानंतरचा मार्कर (पॅकेज कधी बसवायचं त्याची अट), आणि कॉमेंट. पहिल्या चारांचं व्याकरण पेप ५०८ मध्ये (पेप म्हणजे पायथनचे क्रमांक दिलेले नियम-दस्तऐवज) पक्कं ठरलेलं आहे आणि ते वाचणारी "पॅकेजिंग" नावाची लायब्ररी आहे. तिचा "रिक्वायरमेंट" क्लास नाव, एक्स्ट्रा, स्पेसिफायर आणि मार्कर वेगवेगळे हातात देतो. कॉमेंट मात्र तिला चालत नाही, ती आधी तुम्हीच काढायची. स्पेसिफायर परत छापताना अटींचा मूळ क्रम टिकेलच असं नाही, म्हणून रिपोर्टची तुलना नुसत्या मजकुरावर करू नका.

कॉमेंट काढताना "#" दिसला की पुढचं सगळं उडवायचं, असं केलं की दुसरा घोळ होतो. गिटच्या पत्त्यात "#एग=" हा भाग असतो, तो कॉमेंट नव्हे. पिपचा नियम असा: "#" ओळीच्या सुरुवातीला असेल किंवा त्याच्या आधी मोकळी जागा असेल तरच कॉमेंट. हाच नियम उचला.

मार्कर खोटा ठरत असेल तर ते पॅकेज त्या मशीनवर बसतच नाही. "मार्कर.इव्हॅल्युएट" चालवून अशा ओळी गाळता येतात, पण ते उत्तर स्क्रिप्ट ज्या पायथनवर चालते त्याचं असतं. लॅपटॉपवर ३.१२ आणि सर्व्हरवर ३.११ असेल तर वरची ओळ लॅपटॉपच्या रिपोर्टमधून गायब होईल. रेंजच्या रिपोर्टमध्ये मार्कर न गाळता स्वतंत्र रकान्यात जसाच्या तसा छापलेला बरा.

ज्या ओळी पॅकेज नसतात

रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी ही खरं तर पिपला द्यायच्या ऑप्शनांची फाइल आहे. "-आर" दुसरी फाइल ओढून आणते, "-सी" फक्त मर्यादा घालते आणि स्वतः काहीच बसवत नाही, "-ई" स्थानिक फोल्डर जोडते. ओळीच्या शेवटी बॅकस्लॅश असेल तर पुढची ओळ तिचाच भाग, आणि "--हॅश" वाल्या फाइलींत तर प्रत्येक पॅकेज तीन-चार ओळींवर पसरलेलं असतं. त्यामुळे आधी ओळी जोडा, मग कॉमेंट काढा, मग ऑप्शन वेगळे करा, आणि उरलेलं "रिक्वायरमेंट"ला द्या. "-आर" चा पाथ ज्या फाइलमध्ये ती ओळ आहे तिच्या फोल्डरपासून मोजायचा, स्क्रिप्ट जिथून चालवली तिथून नाही. लोकल मशीनवर चालणारी आणि सीआयवर (कोड आपोआप तपासणाऱ्या सर्व्हरवर) "फाइल सापडली नाही" म्हणणारी स्क्रिप्ट इथेच चुकलेली असते.

कोंडा हे पॅकेजेस बसवणारं आणखी एक हत्यार. त्याच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये "पिप फ्रीझ" केलं की "नमपाय @ फाइल:///..." अशा ओळी येतात. त्यांत व्हर्जन नसतंच, ज्या मशीनवर ते पॅकेज बांधलं गेलं तिथला पाथ असतो. अशा ठिकाणी "पिप लिस्ट --फॉरमॅट=फ्रीझ" वापरा.

पॅकेज.जेसनमध्ये नावासमोर काय काय असू शकतं त्याची यादी लांब आहे: रेंज, रिकामी स्ट्रिंग (म्हणजे काहीही चालेल), "लेटेस्ट"सारखा टॅग, गिटचा पत्ता, "फाइल:", "वर्कस्पेस:", आणि "एनपीएम:" ने सुरू होणारं टोपणनाव. "जुनं-लोडॅश" या नावासमोर "एनपीएम:लोडॅश@^३.१०.१" असेल तर खरं पॅकेज लोडॅश आहे, आणि भेद्यतेच्या यादीत डावीकडचं नाव शोधून काहीच सापडणार नाही. एनपीएमऐवजी पीएनपीएम वापरत असाल तर "कॅटलॉग:" दिसेल. तिथे रेंज या फाइलमध्ये नसतेच, वर्कस्पेसच्या याम्ल फाइलमध्ये असते. हे सगळं ओळखायला "एनपीएम-पॅकेज-आर्ग" लायब्ररी आहे. ती प्रत्येक नोंदीचा प्रकार सांगते: व्हर्जन, रेंज, टॅग, गिट, फाइल, रिमोट, एलियस. एनपीएम स्वतः तीच वापरतं. वर्कस्पेस आणि कॅटलॉग या दोघांसाठी मात्र तिच्याआधी आपली स्वतःची तपासणी ठेवा.

रेंजमधून आकडा काढायला नोडच्या सेमव्हर लायब्ररीतलं "सेमव्हर.कोअर्स" वापरण्याचा मोह टाळा. ती "१.२.३-बीटा.४" मधून डीफॉल्टने १.२.३ काढून देते, म्हणजे बीटाचं पक्कं व्हर्जन झालं. गिटच्या पत्त्यातही आकडे सापडले की ती खुशाल व्हर्जन बनवते. किमान व्हर्जन हवं असेल तर "सेमव्हर.मिनव्हर्जन". नोंद रेंज आहे की नाही एवढंच पाहायचं तर "सेमव्हर.व्हॅलिडरेंज", रेंज नसेल तर ती नल देते.

चिन्ह तेच, अर्थ वेगळा

संत्र्याच्या सेवेसारख्या मिश्र प्रोजेक्टमध्ये सगळ्यात शांतपणे घडणारी चूक ही: एका भाषेसाठी लिहिलेलं फंक्शन दुसऱ्या भाषेच्या फाइलला लावणं.

नुसतं "१.२.३" घ्या, कोणतंही चिन्ह नाही. पॅकेज.जेसनमध्ये याचा अर्थ नेमकं १.२.३. रस्टच्या कार्गो.टॉम्लमध्ये याचाच अर्थ "^१.२.३", म्हणजे २.०.० च्या अलीकडचं काहीही. गोच्या मॉड फाइलमध्ये "व्ही१.२.३" म्हणजे किमान तेवढं. जावाच्या मेव्हनमध्ये नुसता आकडा ही केवळ शिफारस असते, दुसऱ्या डिपेंडन्सीमुळे ती बदलू शकते. नेमकं हवं असेल तर "[१.२.३]" असं चौकोनी कंसात लिहावं लागतं.

टिल्डचं ("~") तर विचारूच नका. एनपीएममध्ये "~१.२" म्हणजे १.३.० च्या आत. पीएचपीच्या कंपोझरमध्ये तेच "~१.२" म्हणजे २.० च्या आत. पिपचं "~=१.२" कंपोझरसारखं चालतं, पण "~=१.२.०" लिहिलं की मर्यादा १.३ वर येते. इथे शेवटचं शून्य काढल्याने अर्थ बदलतो, म्हणून व्हर्जन "नीटनेटकं" करायला मागची शून्यं उडवणारं फंक्शन असेल तर ते आजच काढा.

कॅरेटबाबत ("^") शून्य लक्षात ठेवा. "^०.२.३" ची वरची हद्द ०.३.० आहे आणि "^०.०.३" ची ०.०.४. पहिला आकडा एकाने वाढवून हद्द काढणारा कोड दोन्हीकडे १.०.० सांगतो.

कोंडात "नमपाय=१.२६" मधलं एकटं "=" म्हणजे १.२६ च्या मालिकेतलं काहीही, आणि "==" म्हणजे नेमकं. पिपमध्ये एकटं "=" चालतच नाही. कोंडाच्या एन्व्हायर्नमेंट फाइलमध्ये आणखी एक फसवणूक आहे. डिपेंडन्सींच्या यादीत सगळ्या स्ट्रिंगा असतात, आणि मध्येच "पिप:" नावाची एक नोंद डिक्शनरी असते, तिच्या पोटात पिपच्या ओळी. सगळ्यांवर "स्प्लिट" चालवणारी स्क्रिप्ट इथे पडते. पडली तर नशीब म्हणायचं, काही जण ट्राय-एक्सेप्ट लावून ती नोंद गिळून टाकतात.

पायप्रोजेक्ट.टॉम्ल

पायथन प्रोजेक्टची ही कॉन्फिग फाइल टॉम्ल फॉरमॅटमध्ये असते. टॉम्लसाठी रेग्युलर एक्स्प्रेशन लिहू नका. पायथन ३.११ पासून "टॉम्ललिब" सोबतच येते, त्याआधीच्या पायथनसाठी "टॉमली". फाइल बायनरी मोडमध्ये, म्हणजे "आरबी" देऊन उघडायची, नाहीतर टाइपएरर मिळतो. पहिल्यांदा वापरणारे इथेच अडकतात.

खरी अडचण पुढची: डिपेंडन्सी कुठे शोधायच्या? पेप ६२१ प्रमाणे "प्रोजेक्ट" तक्त्याखाली "डिपेंडन्सीज" ही स्ट्रिंगांची यादी असते, ती सरळ "रिक्वायरमेंट"ला देता येते. "ऑप्शनल-डिपेंडन्सीज" वेगळ्या. "डायनॅमिक" यादीत "डिपेंडन्सीज" हे नाव दिसलं तर या फाइलमध्ये त्या नाहीतच, बिल्डच्या वेळी ठरतात. पेप ७३५ ने "डिपेंडन्सी-ग्रुप्स" आणले, त्यात स्ट्रिंगांच्या जोडीला "इन्क्लूड-ग्रुप" असं लिहिलेले छोटे तक्तेही असतात.

पोएट्री या पायथनच्या हत्याराच्या जुन्या मांडणीत "टूल.पोएट्री.डिपेंडन्सीज" हा तक्ता असतो. त्यातली "पायथन" ही नोंद पॅकेज नाही, भाषेच्या व्हर्जनची अट आहे. कित्येक रिपोर्टांत "पायथन ^३.१०" हे पॅकेज म्हणून फिरत असतं. तिथल्या नोंदीची व्हॅल्यू स्ट्रिंग असेल, तक्ता असेल किंवा तक्त्यांची यादीही असेल. आणि पोएट्रीचा "^" पेप ४४० मध्ये (पायथनच्या व्हर्जन-लिखाणाच्या नियमांत) नाही, त्यामुळे "पॅकेजिंग"ला दिला की इनव्हॅलिडस्पेसिफायर. आधी तो ">=" आणि "<" मध्ये उलगडा.

सेटअप.पीवाय ही फाइल नसून प्रोग्राम आहे. ती मजकूर म्हणून वाचून खात्रीचं उत्तर मिळत नाही, आणि अनोळखी प्रोजेक्टची सेटअप.पीवाय चालवणं म्हणजे अनोळखी कोड चालवणं. पॅकेज बसलेलं असेल तर "इम्पोर्टलिब.मेटाडेटा" मधलं "रिक्वायर्स" विचारा.

नावांच्या तुलनेत एक गोष्ट राहून जाते. पायथनमध्ये "टायपिंग_एक्स्टेन्शन्स" आणि "टायपिंग-एक्स्टेन्शन्स" हे एकच पॅकेज. पेप ५०३ चा नियम: हायफन, अंडरस्कोर, टिंब यांची कोणतीही रांग एका हायफनने बदला आणि सगळी अक्षरं लहान करा. एनपीएमच्या नावांना हा नियम लावायचा नाही, तिथे ती वेगवेगळी पॅकेजेस असतात.

फाइल उघडतच नाही, किंवा उघडते आणि कचरा दिसतो

कॉलेजच्या लॅबमधून आलेल्या प्रोजेक्टांत हे हमखास. दोन वेगळी कारणं आहेत आणि लोक दोन्हींना "एन्कोडिंगचा प्रॉब्लेम" म्हणून एकच उपाय करतात.

पहिलं: विंडोजसोबत येणाऱ्या पॉवरशेल ५.१ मध्ये "पिप फ्रीझ > रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी" केलं की फाइल यूटीएफ-१६ मध्ये लिहिली जाते, सुरुवातीला बीओएमसकट (एन्कोडिंग सांगणारे खुणेचे बाइट). नोटपॅडमध्ये ती छान दिसते. पिप बीओएम ओळखतो, त्यामुळे इन्स्टॉलही होतं. तुमची स्क्रिप्ट मात्र यूटीएफ-८ समजून पहिल्याच बाइटवर पडते, किंवा एरर दुर्लक्षित करायला सांगितलं असेल तर प्रत्येक अक्षरामागे एक शून्य बाइट घेऊन बसते आणि एकही ओळ जुळत नाही. पहिले दोन बाइट पाहा, हेक्समध्ये एफएफ एफई असतील तर हेच. वाचताना बीओएमप्रमाणे एन्कोडिंग निवडा, लिहिणाऱ्यांना पॉवरशेल ७ वापरायला सांगा. यूटीएफ-८ ला बीओएम असेल तर पायथनमध्ये "यूटीएफ-८-सिग" ने उघडा. नोडमध्ये "जेसन.पार्स" आधी ते पहिलं अक्षर काढावं लागतं.

दुसरं खास आपलं. वरच्या ओळीत "बाजार समितीच्या प्रॉक्सीसाठी" अशी मराठी कॉमेंट आहे. विंडोजवर "ओपन" ला एन्कोडिंग न सांगता फाइल उघडली की पायथन साधारणपणे विंडोज-१२५२ धरतो. त्या तक्त्यात हेक्स ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी या पाच जागा रिकाम्या आहेत. देवनागरीतल्या हलंताचा यूटीएफ-८ मधला शेवटचा बाइट ८डी, ऱ्हस्व उकाराचा ८१, "ए"चा ८एफ, "झ"चा ९डी. म्हणजे कॉमेंटमध्ये एक जोडाक्षर आलं की "चारमॅप कोडेक" चा एरर. आणि यांपैकी काहीच नसलेली कॉमेंट, उदाहरणार्थ "बाजार दर", मुकाट्याने कचरा होऊन वाचली जाते. म्हणून "काल चालत होतं, आज कॉमेंट बदलली तर पडलं" असं वाटतं. लिनक्सवरच्या सीआयला यातलं काही दिसत नाही. उपाय एकाच शब्दाचा: "ओपन" ला प्रत्येक वेळी "एन्कोडिंग=यूटीएफ-८" द्या. कॉमेंट इंग्रजीत लिहायची सक्ती करायची गरज नाही.

आता अंक. मराठी कीबोर्ड चालू राहिल्याने "जँगो>=४.२" यातले अंक खरोखर देवनागरीत टाइप झाले असतील तर? पायथनच्या "री" मॉड्यूलमध्ये बॅकस्लॅश-डी हा नमुना युनिकोडमधल्या कोणत्याही दशमान अंकाला जुळतो, आणि "इंट" सुद्धा देवनागरी चार निमूट ४ करून देतं. त्यामुळे घरगुती पार्सर म्हणतो सगळं ठीक. "पॅकेजिंग" फक्त शून्य ते नऊ हे इंग्रजी अंक घेते, म्हणून इन्स्टॉल पडतं. जावास्क्रिप्टमध्ये बॅकस्लॅश-डी मुळातच इंग्रजी अंकांपुरता आहे. नमुना लिहावाच लागला तर बॅकस्लॅश-डी ऐवजी चौकोनी कंसात अंकांची हद्द लिहा. व्हॉट्सअॅपवरून कॉपी केलेल्या ओळींत न दिसणारे जोडक, नॉन-ब्रेकिंग स्पेस आणि लांब डॅश असतात. ते आपोआप दुरुस्त न करता ओळ क्रमांकासह दाखवा.

३.१० चं ३.१

याम्लमध्ये अवतरणाशिवाय लिहिलेलं ३.१० म्हणजे दशांश संख्या, आणि संख्येला शेवटच्या शून्याशी देणंघेणं नाही. सीआयच्या फाइलमध्ये पायथन ३.१० मागितलं आणि ३.१ शोधलं गेलं, ते यामुळे. पार्स झाल्यानंतर हे दुरुस्त करता येत नाही, मूळ फाइलमध्येच अवतरण द्यावं लागतं. स्क्रिप्टने एवढं करावं: व्हर्जनच्या जागी संख्या प्रकार आला की ती स्ट्रिंग न बनवता चूक म्हणून दाखवायची.

हीच चूक शेवटच्या टप्प्यावर पुन्हा होते. स्क्रिप्टने सीएसव्हीत १.१० बरोबर लिहिलं, कोणीतरी ते एक्सेलमध्ये डबल-क्लिक करून उघडलं, सेव्ह केलं, १.१ झालं. रिपोर्ट माणसांकडे जाणार असेल तर थेट एक्सएलएसएक्स लिहा आणि तो रकाना टेक्स्ट ठेवा.

तुलना स्ट्रिंगने केली तर "१.१०" हे "१.९" पेक्षा लहान ठरतं, हे बहुतेकांना माहीत असतं. प्री-रिलीजचं, म्हणजे बीटा, आरसी अशा पक्क्याआधीच्या व्हर्जनचं, कमी जणांना. सेमव्हरमध्ये (एनपीएमच्या व्हर्जन-नियमात) "आरसी.१०" हे "आरसी.२" च्या पुढचं, कारण टिंबानंतरचा भाग निव्वळ अंकांचा आहे. टिंब न देता "आरसी१०" लिहिलं तर अक्षरांप्रमाणे तुलना होते आणि ते "आरसी२" च्या मागे जातं. पेप ४४० मध्ये दोन्ही लिखाणं एकच आणि क्रम अंकांप्रमाणेच. पेप ४४० मध्ये १.० आणि १.०.० समान आहेत, पण स्ट्रिंग म्हणून नाहीत.

जुन्या स्क्रिप्टा डिस्टयूटिल्समधलं "लूजव्हर्जन" वापरतात. पायथन ३.१२ मध्ये डिस्टयूटिल्सच काढून टाकलं आहे. "पॅकेजिंग" २२ पासून "लेगसीव्हर्जन"ही गेलं. त्याआधी "२०१९-फायनल" सारखं काहीही खपून जायचं, आता इनव्हॅलिडव्हर्जन येतं. हा एरर पाहून लायब्ररी जुन्या व्हर्जनला बांधून ठेवणारे बरेच आहेत. त्यापेक्षा एरर पकडा आणि ती नोंद "न ओळखलेली" म्हणून रिपोर्टमध्ये ठेवा.

पॉम.एक्सएमएल

ही जावाच्या मेव्हनची कॉन्फिग फाइल. सगळ्यात सामान्य लक्षण: "फाइंडऑल(डिपेंडन्सी)" रिकामी यादी देतं. कारण नेमस्पेस. मूळ टॅगवर मेव्हनचा पीओएम ४.०.० चा पत्ता असतो, तो शोधताना द्यावा लागतो. त्यानंतर डॉलर-महिरपी कंसातली प्रॉपर्टी, पॅरेंट पॉम, डिपेंडन्सी-मॅनेजमेंट, आणि व्हर्जनचा टॅगच नसलेल्या नोंदी. हे सगळं हाताने सोडवणं म्हणजे मेव्हन पुन्हा लिहिणं. "एमव्हीएन हेल्प:इफेक्टिव्ह-पॉम" चालवा आणि त्याचं आउटपुट वाचा. बिलिंगच्या त्या तुकड्याला इतकंच पुरतं.

स्क्रिप्टमध्ये काय बदलायचं

पार्सर बदलण्याआधी मोजणी घाला. फाइलमधल्या नोंदी किती, ओळखल्या किती, ऑप्शन म्हणून बाजूला काढल्या किती, न ओळखलेल्या किती. बेरीज जुळली नाही तर स्क्रिप्टने थांबायचं. आतापर्यंतच्या बहुतेक चुकांचं खरं दुखणं हे की नोंद गळते आणि कोणाला कळत नाही. मोजणी असती तर त्यातल्या निम्म्या पहिल्याच दिवशी सापडल्या असत्या.

रिपोर्टमध्ये "व्हर्जन" असा एकच रकाना ठेवू नका. मूळ मजकूर जसाच्या तसा, नोंदीचा प्रकार, रेंज, ठरलेलं व्हर्जन, मार्कर, आणि फाइलचं नाव ओळ क्रमांकासह. मूळ मजकुराचा रकाना वेडगळ वाटतो, पण वाद झाला की तोच उघडला जातो.

जेसन वाचताना एकाच किल्लीच्या दोन नोंदी असतील तर पायथन आणि नोड दोन्ही शेवटची घेतात आणि गप्प राहतात. घाईत मर्ज केलेल्या पॅकेज.जेसनमध्ये हे सर्रास असतं. पायथनमध्ये "ऑब्जेक्ट_पेअर्स_हुक" देऊन अशी जोडी पकडता येते. "डिपेंडन्सीज", "डेव्हडिपेंडन्सीज", "पीअरडिपेंडन्सीज" एका डिक्शनरीत ओतू नका, गटाचं नाव नोंदीसोबत ठेवा. "ओव्हरराइड्स" किंवा यार्नचं "रिझोल्यूशन्स" दिसलं तर रिपोर्टच्या वरच तसं छापा, कारण मग खालच्या रेंजा शेवटचा शब्द नसतात.

चाचणीसाठी रेपोमध्ये मुद्दाम बिघडवलेल्या फाइलींचं एक फोल्डर ठेवा: यूटीएफ-१६ मधली एक, मराठी कॉमेंटवाली एक, देवनागरी अंकांची एक, "#एग=" असलेला गिटचा पत्ता, बॅकस्लॅशने तोडलेली हॅशची ओळ, मर्जच्या खुणा राहून गेलेली फाइल, आणि वर चिरफाड केलेली रिक्वेस्ट्सची ती ओळ. नवीन तक्रार आली की ती ओळ आधी या फोल्डरमध्ये घाला, चाचणी लाल होते का पाहा, मगच कोडला हात लावा. सीआयमध्ये विंडोजचा एक रनर लावा, नाहीतर एन्कोडिंगच्या चाचण्या कायम हिरव्याच दिसतील. आणि न ओळखलेली नोंद असेल तेव्हा एक्झिट कोड २ द्या, स्क्रिप्ट स्वतः पडली तर १, म्हणजे रिलीजच्या संध्याकाळी लॉग न उघडताही कळेल की फाइल बघायची की कोड.